घरकुलाची अंकलिपी : पहिल्यांदाच निवडून आलेल्या नगरसेवकांसाठी

अभिनंदन, भाऊ. अंगावरचा गुलाल धुऊन झाला की आधी आकडा ठरवा, जागेचं नंतर बघू. आकडा गोल नको; दहा हजार म्हटलं की लोकांना थाप वाटते. जळगाव नगरपालिकेने नव्वदच्या दशकात झोपडपट्टीवाल्यांसाठी ११,४२४ घरकुलं आखली. त्यातले शेवटचे चोवीस बघा! एवढ्या नेमक्या माणसावर कोण शंका घेईल? पूर्ण झाली दीड हजाराच्या आसपास. पालिकेची स्वतःची इमारत मात्र सतरा मजले चढली. आजही रिक्षावाल्याला नुसतं ‘सतरा मजली’ सांगा, तो बरोबर नेतो.

कर्ज हुडकोचं, म्हणजे घरबांधणीला पैसे देणाऱ्या सरकारी कंपनीचं काढा. भिऊ नका, फेडायला तुम्ही नसता. पालिकेची महापालिका होते (जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे २००३ साली झाली), खुर्च्या बदलतात, कर्ज तेवढं जागेवर राहतं. वॉर्डातल्या खड्ड्यांचं कुणी विचारलं की त्याच्याकडे बोट दाखवता येतं.

सभेत ठराव आला की हात वर करायचा, असं जुने लोक सांगतील. इथे मात्र जरा थांबा. २००६ साली जळगावचे तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी याच घरकुलांतल्या घोटाळ्याची फिर्याद दिली आणि ३१ ऑगस्ट २०१९ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी धरलं. माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षं आणि शंभर कोटी दंड. प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेलं. पण त्या ४८ जणांत बरेचसे तुमच्यासारखेच नगरसेवक होते. ठराव वाचायची सवय नसेल तर धुळ्याच्या रस्त्यावर पारोळ्याला चहा कुठे बरा मिळतो, तेवढं विचारून ठेवा.

हे खान्देशचंच वैभव समजू नका. नैरोबीच्या किबेरा वस्तीतली काही कुटुंबं सरकारने २००९ साली नव्या सदनिकांत नेली, तर बऱ्याच जणांनी भाडं परवडावं म्हणून त्यातल्या खोल्या दुसऱ्यांना दिल्या.

राहिले लाभार्थी. त्यांच्याकडे पुरावा मागा: १ जानेवारी २०००च्या आधीपासून इथेच राहता का? घरपट्टीची पावती, लाइट बिल, मतदार यादीतलं नाव. बाई प्लास्टिकच्या पिशवीतून सगळं काढून दाखवेल. त्या यादीच्या भरवशावर तिने तुमच्याआधीच्या चौघांना निवडून दिलेलं असतं, तेव्हा नाव नीट तपासल्यासारखं करा.

मग ती विचारेल, ‘‘अप्पा, घर कव्हय भेटी?’’

सांगा, आचारसंहिता लागली आहे.