फोटो चढला की उपक्रम झाला

सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संदेश येतो. वर तीन लाल दिवे, खाली 'अत्यंत तातडीचे', त्याखाली मजकूर: सर्व शाळांनी आज वाचन उपक्रम घेऊन त्याचे किमान पाच फोटो जिओटॅगसह दुपारी दोनपर्यंत लिंकवर भरावेत. फोटोत मुले वाचताना स्पष्ट दिसावीत. माहिती न भरणाऱ्या शाळांची नावे वरिष्ठांना कळवली जातील, याची नोंद घ्यावी. मिनिटभरात पहिला अंगठा उमटतो. पाठोपाठ 'ओके सर'ची रांग लागते. एक गुरुजी 'होय साहेब' असं लिहितात; ते निवृत्तीला आलेले आहेत.

अडचण एकच. वाचणारं मूल वाचताना दिसत नाही.

ते खाली बघतं. त्याचा भांग दिसतो, आईनं तेल किती थापलंय ते दिसतं, चेहरा दिसत नाही. सुरुवातीला गुरुजींनी असेच प्रामाणिक फोटो पाठवले आणि 'मुले झोपलेली वाटतात' असा शेरा कमावला. मग पुस्तक डोळ्यांसमोर उंच धरायला लावलं, तर चेहरा पुस्तकाआड गेला आणि फोटोत तीस पुस्तकांना साठ पाय फुटल्यासारखं दिसू लागलं. तोही परत आला. शेवटी कुठल्याही प्रशिक्षणाविना, कुठल्याही तज्ज्ञ मार्गदर्शकाविना शिक्षकांनीच तोडगा काढला. पुस्तक छातीशी, मुखपृष्ठ कॅमेऱ्याकडे, मान ताठ, नजर फोनवर, ओठ किंचित विलग. पुस्तकाची पानं मुलाच्या सदऱ्याच्या गुंड्यांकडे. अशा रीतीनं पुस्तक कॅमेरा वाचतो, मूल गुरुजींकडे बघतं आणि गुरुजी घड्याळाकडे. सरकारी शाळांत नवं काही घडत नाही म्हणणाऱ्यांनी हा नवोपक्रम पाहायला हवा. तो पहिलीपासून आठवीपर्यंत सर्व इयत्तांना चालतो, त्याला अक्षरओळखीची अट नाही आणि पहिलीतल्या ज्या बाळाला अजून 'क' कळत नाही तेसुद्धा त्यात पैकीच्या पैकी गुण मिळवतं.

फोटोच्या कोपऱ्यात छोटा नकाशा, तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश उमटतात. दशांशचिन्हापुढे सहा आकडे. सहाव्या आकड्यातला एकाचा फरक म्हणजे जमिनीवर साधारण 11 सेंटीमीटर. फोनचा जीपीएस कित्येक मीटर इकडेतिकडे भरकटतो हा भाग वेगळा. कागदावर तरी शासनाला हे मूल पृथ्वीच्या पाठीवर नेमकं कुठे मांडी घालून बसलंय ते चार बोटांच्या अंतरापर्यंत ठाऊक आहे. मूल कोणत्या पानापर्यंत पोचलंय, हे मात्र ठाऊक नाही. ते लिंकमध्ये विचारलेलं नाही.

फोटो काढणं सोपं, चढवणं अवघड. वाडीवरच्या शाळेत रेंज नसते. तेव्हा मधल्या सुट्टीत गुरुजी पाण्याच्या टाकीवर चढतात, फोन आकाशाकडे धरतात आणि गोल फिरणारं चक्र थांबायची वाट बघतात. खाली मुलं खिचडीला बसलेली असतात. खिचडी वाढतानाचा फोटो वेगळा. हात धुतानाचा वेगळा. झाड लावतानाचा वेगळा, आणि त्यात झाडाला पाच हात लागलेले असावेत. खड्डा गेल्या वर्षीचाच चालतो, कारण अक्षांश-रेखांश जुळले तर कुणाचीच हरकत नसते. शपथ घेतानाचा, प्रभातफेरीचा, योगासनांचा, स्वच्छतेचा (झाडू मुलांच्या हाती दिसू नये, अंगण मात्र झाडलेलं दिसावं), पालकसभेचा, मातासभेचा आणि या सगळ्यांचे फोटो वेळेत कसे भरावेत याच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचा. त्या प्रशिक्षणात शिक्षक बसल्याचाही फोटो लागतो. तो काढायला दुसरा शिक्षक लागतो. शाळा द्विशिक्षकी असेल आणि दुसऱ्या बाई मतदार यादीच्या कामाला गेलेल्या असतील, तर तो फोटो पाचवीतला मॉनिटर काढतो. तंत्रज्ञानाधिष्ठित शिक्षण याहून वेगळं ते काय असणार?

आणि फ्लेक्स. फ्लेक्सशिवाय उपक्रम झाल्याचं कुणी मानत नाही. एका फ्लेक्सवर वर्ष काढायचं तर त्यावर उपक्रमाचं नाव नको, म्हणून हुशार मुख्याध्यापक 'उपक्रम' एवढाच मोठा शब्द छापून घेतात आणि पुढची जागा कोरी ठेवून तिथे दरवेळी कागद चिकटवतात. यात काटकसर आहे. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त शाळा अनुदान 10,000 रुपये. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. उरलेल्यात खडू, दुरुस्ती, वीज, रजिस्टरं आणि नवोपक्रम.

विजेचं नाव निघालंच आहे तर सांगायला हवं. भिंतीवर 'डिजिटल शाळा' अशी ठसठशीत अक्षरं, आत लोकवर्गणीतून घेतलेला मोठा टीव्ही, त्याला भरतकाम केलेलं पांढरं आवरण, आणि बिल थकल्यामुळे तोडलेली वीजजोडणी, असं दृश्य महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला नवं नाही. आवरण काढलं की फोटो छान येतो. पडदा काळा दिसतो, पण मुलं त्याकडे एकाग्रतेनं बघत असतात. त्यांना तसं सांगितलेलं असतं.

या परंपरेला इतिहास आहे. 22 जून 2015 च्या शासन निर्णयानं महाराष्ट्र शैक्षणिकदृष्ट्या 'प्रगत' करायचं ठरलं. त्याच वर्षी देशपातळीवर शाळासिद्धी आली: 7 क्षेत्रं, 46 मानकं, आणि शाळेनं आपले गुण आपणच द्यायचे. 2016 च्या नोव्हेंबरात तर थेट सेल्फीच आली. गळती रोखण्यासाठी शिक्षकांनी दहा-दहा मुलांच्या गटाबरोबर सेल्फी काढून ती शासनाच्या 'सरल' या ऑनलाइन प्रणालीवर भरावी, असा निर्णय निघाला. ओरडा झाला, निर्णय बासनात गेला. पण सेल्फी गेली म्हणून फोटो गेला असं समजणाऱ्याला सरकारी कारभार कळलेला नाही. सेल्फीत गुरुजी निदान स्वतः दिसत तरी होते.

त्याच सुमारास सातारा जिल्ह्यातल्या एका बीटातल्या शाळांचा बोलबाला झाला. तिथे मुलं फरशीवर गटागटानं बसत, वस्तू हाताळत, एकमेकांना विचारत, चुकत, पुन्हा करत आणि शिकत. राज्यभरातले शिक्षक गाड्या करून पाहायला गेले. परत आले आणि त्यांनी काय केलं? फरशा रंगवल्या. जिल्ह्याजिल्ह्यात ऑइलपेंटची वर्तुळं, अंकांच्या शिड्या, मुळाक्षरांची फुलं उमटली. मूळ प्रयोगातलं सगळ्यात महत्त्वाचं काम मुलांच्या आपापसातल्या बोलण्यानं होत होतं. पण बोलणं फोटोत येत नाही, रंग येतो. म्हणून रंग पसरला. दोन पावसाळ्यांत तो उडालाही. त्याच वर्गांत त्याच फरशीवर सतरंजी घालून मुलं आता पुस्तकं छातीशी धरून बसतात.

इंग्रजांनी हा खेळ आपल्या आधी खेळून पाहिला होता. 1862 मध्ये इंग्लंडात शाळांचं अनुदान निकालाला बांधलं गेलं. तपासनीस यायचा, एकेका मुलाची वाचन, लेखन आणि गणितात परीक्षा घ्यायचा. मूल ज्या विषयात नापास, त्यापोटी शाळेचे 2 शिलिंग 8 पेन्स कापले जायचे. त्याच दशकात ही पद्धत मुंबई इलाख्यातही आली. परिणाम काय झाला? इंग्लंडातल्या मास्तरांनी वाचनाचं पुस्तक मुलांकडून घोटून घेतलं, इतकं की पुस्तक उलटं धरलं तरी पोरं धडाधड 'वाचत', असं त्या काळातले लोक सांगून गेले. 1890 च्या दशकात तिथे ती पद्धत मोडीत निघाली. तिथे पुस्तक उलटं होतं, इथे ते पाठमोरं आहे. फरक एवढाच की तो खडूस तपासनीस मुलासमोर बसून त्याचा आवाज ऐकायचा. आजच्या पद्धतीत आवाजाची सोयच नाही. शिवाय पुस्तक पाठ करणाऱ्या त्या पोरांच्या डोक्यात काहीतरी तरी शिरत होतं. छातीशी पुस्तक धरणाऱ्याच्या डोक्यात फक्त 'हलू नकोस' एवढंच शिरतं.

ऐकणं हे काही महाकठीण काम नव्हे. 2021 मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाचं म्हणणं असं की तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान 60 शब्द, अर्थ समजून, वाचावेत. 2026-27 पर्यंत हे साधायचं आहे. उद्दिष्ट चांगलं आहे, त्याची टिंगल करण्याचं कारण नाही. पण ते मोजायला काय लागतं? एक मूल, एक पान, एक मिनिट आणि एक कान. तीस मुलांच्या वर्गाला तीस मिनिटं. पाच फोटो काढून, त्यातले दोन हलले म्हणून पुन्हा काढून, टाकीवर चढून, लिंक उघडेना म्हणून ग्रुपवर विचारून, शाळेचा अकरा आकडी यू-डायस क्रमांक पुन्हा एकदा टाकून सगळं पार पडेपर्यंत यापेक्षा जास्त वेळ जातो, हे लिंक बनवणाऱ्या कुणाच्याच ध्यानात आलं नसेल? आलं असणार. पण मुलाचं वाचन ऐकलं तर कदाचित असं कळेल की मुलाला वाचता येत नाही. मग काहीतरी करावं लागेल. रिकाम्या जागेवर शिक्षक द्यावा लागेल, बाईंना मतदार यादीवरून वर्गात परत आणावं लागेल, चार इयत्ता एका खोलीत कशा शिकवायच्या याचं उत्तर द्यावं लागेल. फोटो असल्या अडचणीत कुणालाच टाकत नाही. फोटोतली सगळी मुलं प्रगत असतात. आणि ज्या शाळेनं एवढं होऊनही उपक्रम घेतला नाही, तिनं काय करायचं? तिनंही माहिती भरायची: 'निरंक'. काहीच केलं नाही हे कळवण्याचाही विहित नमुना आहे, त्यालाही दुपारी दोनचीच मुदत आहे आणि तोही वेळेत आला नाही तर स्मरणपत्र येतं. शिकवण्याच्या तासांतून हे तास जातात. मुलांच्या तासांतून जातात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नं शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून दुसऱ्या कुठल्याही अशैक्षणिक कामाला जुंपायला मनाई केली आहे. फोटोवाल्यांनी त्यावरही मात केली आहे. फोटोला त्यांनी शैक्षणिक काम ठरवून टाकलं.

स्पर्धेनं शाळा सुधारतात असाही एक पंथ आहे. 2024 च्या सुरुवातीला 'माझी शाळा, सुंदर शाळा' हे पंचेचाळीस दिवसांचं अभियान झालं. राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला 51 लाख रुपये. कुठली शाळा जिंकली, ती योग्य होती की नव्हती, हा प्रश्नच नाही. ती उत्तमच असणार. प्रश्न हिशेबाचा आहे. तीस पटाच्या शाळेच्या 10,000 रुपयांच्या वार्षिक अनुदानाच्या तुलनेत 51 लाख म्हणजे पाचशे दहा वर्षांचं अनुदान. आणि या राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळाच पंधरा हजारांच्या घरात आहेत. जिथे शिक्षक पुरेसे, इमारत धड, पालक हौशी आणि माजी विद्यार्थी दिलदार, तिथे बक्षीस जाणार. जिथे यातलं काहीच नाही, तिथे त्या अभियानाचे फोटो जाणार, म्हणजे तिथून वर जाणार.

ग्रामीण भारतातल्या मुलांच्या वाचनाची एक देशव्यापी पाहणी दर दोन वर्षांनी होते. 2024 मध्ये तिच्यात सरकारी शाळांतल्या तिसरीच्या शंभरातल्या जेमतेम 23 मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. 2022 मध्ये 16 जणांना आला होता, तेव्हा सुधारणा आहे आणि तिचं श्रेय शिक्षकांना द्यायलाच हवं. या पाहणीची पद्धत मात्र भलतीच जुनाट. स्वयंसेवक मुलाच्या घरी जातो, अक्षरांची बाजू मुलाकडे करून एक कागद त्याच्या हाती देतो आणि गप्प बसून ऐकतो.

वाचकांपैकी कुणी आपल्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर असेल, आणि या समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, तर त्यांनी पुढच्या बैठकीत अजेंड्यावर एक विषय घालून घ्यावा. तिसरीतल्या प्रत्येक मुलानं समितीसमोर मिनिटभर वाचायचं आणि समितीनं ऐकायचं. कोण अडखळलं, का अडखळलं, वर्गाला शिक्षक आहे का, असेल तर तो या महिन्यात किती दिवस शाळेबाहेर होता, हे इतिवृत्तात लिहायचं, खाली सगळ्यांनी सह्या करायच्या आणि त्याची प्रत शिक्षण विभागाकडे पाठवायची. सोबत फोटो मागितला तर 'निरंक' कळवावं.