शिंपल्याची मूठ

घडीच्या चाकूला शिंपल्याची मूठ बसवावी असं ज्याच्या मनात येतं, त्याच्या घरी भाजी बहुधा दुसरंच कुणीतरी चिरत असतं. मीही त्याच पंथातला. डोंबिवलीतल्या आमच्या बंदिस्त गॅलरीत वॉशिंग मशीन आणि कांद्याबटाट्यांची टोपली यांच्यामध्ये जी फट उरते, तिला मी ‘वर्कशॉप’ म्हणतो. निवृत्त झाल्यावर माणूस एक तर सोसायटीचा सेक्रेटरी होतो, नाहीतर असलं काहीतरी करत बसतो. सोसायटीच्या दृष्टीनं दुसरं बरं.

यासाठी लागणारा शिंपला मासळीबाजारात मिळत नाही. तिसऱ्यांचं कवच आतून पांढरं, गुळगुळीत असतं, पण त्यावर रंग खेळत नाहीत. कालवांचंही तेच. शिणाण्यांना आतून छान निळसर झाक असते, पण कवच इतकं पातळ की घासता घासता संपून जाईल. मुठीला हवा मोत्यांचा मोठा शिंपला, पिंक्टाडा मॅक्सिमा. उत्तर ऑस्ट्रेलियापासून इंडोनेशिया-फिलिपाइन्सपर्यंतच्या समुद्रात तो वाढतो आणि चांगला ताटलीएवढा होतो. एवढा मोठा असूनही कवच बाकदार, त्यामुळे सपाट तुकडा निघतो बोटभर. त्यात चाकूला बाजू दोन, आणि दोन्हींवर तेज सारखं हवं. पत्रिका जुळवणं त्या मानानं सोपं.

हे तेज रंगद्रव्याचं नाही. खडूत असतं तेच कॅल्शियम कार्बोनेट इथे जेमतेम अर्ध्या मायक्रॉन जाडीच्या पापुद्र्यांत रचलेलं असतं, मध्ये प्रथिनाचा लेप. पापुद्र्यांची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या घरातली, म्हणून उजेड त्यांत अडकून गुलाबी, हिरवा होऊन परततो. डोंबिवलीकराला रंगांचं अप्रूप कमीच. २०२० साली आमच्या एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाल्याची बातमी महाराष्ट्रभर गाजली होती. पण तिथे करामत रसायनाची होती, इथे नुसत्या रचनेची. त्याच रचनेमुळे शिंपला चिवटही होतो. तडा गेला तरी तो पापुद्र्यांमधून वळणं घेत जातो आणि वाटेत दमतो.

चिवट असला तरी शिंपला धसमुसळेपणा सोसत नाही. सोनाराकडची बारीक पात्याची करवत घ्यायची आणि तुकडा ओला ठेवून सावकाश कापायचा. कोरडं घासलं की बारीक भुकटी उडते आणि ती थेट फुफ्फुसात जाते. म्हणून पाणी हवंच, वर मास्कही. भोक पाडताना ड्रिल तापलं की केस जळल्यासारखा वास येतो. ते आतलं प्रथिन जळत असतं. तिथेच थांबावं, नाहीतर तडा ठरलेला. मग वॉटर पेपर: आधी २२०, मग ४००, ८००, १२००. पितळेच्या पट्टीवर एपॉक्सीनं तुकडा चिकटवायचा, रिव्हेट बसवायचं, आणि रिव्हेटवर हातोडी मारताना श्वास रोखायचा. लोकल पकडण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला हे सगळं फार कठीण जातं. हाताला वाटतं, फलाटावर गाडी लागली आहे.

गंमत म्हणजे आपल्याकडे शिंपला मूठ होण्याआधी पातंच होता. नदीतला शिंपला घ्यायचा, त्याची फुगीर पाठ दगडावर घासून भोक पाडायचं आणि त्या भोकाच्या धारेनं कैरी सोलायची. खर्च शून्य, घडी घालायची भानगड नाही, हरवला तर नदी आहेच. बाळाला दूध पाजायलाही शिंपलीच. त्या शिंपल्याला आपण कामावरून काढला आणि मुठीवर शोभेला बसवला, याला प्रगती म्हणावं की नाही याबद्दल मला शंका आहे.

शोभेचं काम मात्र आपल्या बाजूलाही जुनंच. सोळाव्या-सतराव्या शतकांत गुजरातच्या कारागिरांनी शिंपल्याच्या पाकळ्या पितळी खिळ्यांनी जोडून पेट्या आणि तबकं घडवली; ती पोर्तुगीजांनी युरोपच्या राजवाड्यांपर्यंत नेली. आमच्या पट्ट्यातला माणूस शोधायचा तर कान्हेरीच्या लेण्यांत जावं लागेल. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणचा एक लोहार आहे, एक सोनारही आहे. चाकूला लागणारे दोन्ही हात दोन हजार वर्षांमागे इथेच, खाडीच्या काठी होते. दोघांनी मिळून काही केलं की नाही, ते शिलालेखात नाही.

घडीचा चाकू आणि शिंपल्याची मूठ यांचं लग्न थाटात लावलं ते इंग्लंडमधल्या शेफील्डकरांनीही. तिथे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत फळं कापायचे छोटे चाकू बनत: शिंपल्याची मूठ आणि चांदीचं पातं. चांदी मिरवायला नव्हे. फळातल्या आम्लानं लोखंड काळं पडायचं म्हणून. स्टेनलेस स्टील त्याच शेफील्डात आलं ते १९१३ साली. पण पात्याचा प्रश्न सुटला तरी मुठीचा राहिलाच, कारण कॅल्शियम कार्बोनेटलाही आंबट चालत नाही. चिंच, कोकम, कैरी आणि लिंबू यांच्यावर उभ्या असलेल्या आपल्या स्वयंपाकघरात शिंपल्याची मूठ आणणं म्हणजे मुद्दाम कळ काढणं.

सौभाग्यवतींनी नोकरीची सगळी वर्षं कल्याण लोकलच्या लेडीज डब्यात मटार सोलले, गवार मोडली. त्यांच्या पर्समध्ये लाल प्लास्टिकच्या मुठीचा घडीचा चाकू असायचा, अजूनही आहे. माझा चाकू त्यांनी ओल्या हातात धरला, उजेडात फिरवला, आणि तो बोटांतून सटकला तेव्हा म्हणाल्या, ‘‘अहो, हा दाखवायचा आहे की चिरायचा?’’ तक्रार रास्त होती. पॉलिश केलेला शिंपला ओल्या हातात टिकत नाही.

तरीही मी म्हणेन, ज्याला हौस आहे त्यानं एक मूठ करावीच. पाणी आणि मास्क विसरू नका, रिव्हेट हलक्या हातानं ठोका, आणि झालेला चाकू कपाटात मखमलीत गुंडाळून ठेवू नका. त्यानं पेरू कापा, चिकू कापा. लिंबाला मात्र लाल प्लास्टिकवालाच घ्या.