हंटरवाले काका

हैदराबादेत, काचीगुड्याच्या चप्पल बाजारापासून दोन गल्ल्या सोडून आमचे भाऊकाका राहतात. त्यांच्याकडे उत्तम चामड्याची एक वस्तू आहे आणि ती न दाखवता ते कुणालाही घराबाहेर जाऊ देत नाहीत. मीटर बघायला आलेला माणूस असो, मुलगी बघायला आलेली मंडळी असोत की सत्यनारायण सांगायला आलेले गुरुजी; चहा आणि उस्मानिया बिस्किटं झाली की काका खुर्चीत थोडे पुढे सरकतात आणि विचारतात, "आमचा हंटर बघितला का तुम्ही?"

पाहुणा "नाही" म्हणाला तर दाखवतात. "हो, मागच्या खेपेला बघितला" म्हणाला तर "तेव्हा तेल दिलेलं नव्हतं, आता बघा" म्हणून पुन्हा दाखवतात. गुरुजींनी एकदा घाईघाईनं "मला पुढं अजून दोन पूजा आहेत हो" असं सांगून बघितलं होतं. त्यांना हंटर चपला घालता घालता बघावा लागला.

वस्तू मात्र खरोखर देखणी आहे, हे कबूल करायला पाहिजे. आठ फूट लांब, बारा पदरी गोफ, सगळं हातानं विणलेलं, रंग जुन्या शिसवी कपाटाचा. देवघराशेजारच्या खोलीत ती एका रुंद लाकडी खुंटीवर सैल वेटोळं करून ठेवलेली असते. खुंटी रुंद का, तर बारीक खिळ्याला टांगलं की चामड्याला कायमची मोड पडते. त्या खुंटीला काकूंनी एकदा ओली छत्री अडकवली होती. त्यानंतर दोन दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं होतं.

हंटर म्हटलं की जो माणूस डोळ्यांपुढे येतो, त्याच्याशी काकांचं काही म्हणजे काही जुळत नाही. सरकारी हिशेबखात्यात आयुष्य काढलेले, पाव मिशीचे, बारीक आवाजाचे गृहस्थ. रिक्षावाल्यानं जास्त पैसे मागितले तर ते देऊन वर "शुक्रिया मियाँ" म्हणतील. डास मारण्यापूर्वी त्याला एकदा हातानं हाकलून संधी देतील. ज्या माणसानं उभ्या जन्मात मांजरालाही काठी उगारली नाही, त्याला हा शौक लागावा, याचं कोडं घरात सगळ्यांनाच आहे. काकांना विचारलं तर उत्तर ऐकणाऱ्याप्रमाणे बदलतं.

बायकामंडळींना ते परभणीच्या आजोळची गोष्ट सांगतात. दारात पोतराज यायचा, आसूड फिरवून स्वतःच्याच अंगावर ओढायचा, मुलं आजीच्या पदराआड. हे एकटेच पदराबाहेर. म्हाताऱ्या मंडळींना 'हंटरवाली' सांगतात. १९३५ सालचा सिनेमा, वाडिया मूव्हिटोनचा, त्यात नाडिया. "ती बाई पर्थला जन्मलेली, ऑस्ट्रेलियात! आणि जगातला सगळ्यात चांगला हंटर कशाचा होतो? कांगारूच्या कातड्याचा! बसलं का गणित?" गणित काय बसलं ते कुणालाच कळत नाही, पण काकांच्या चेहऱ्यावर ताळेबंद जुळल्याचं समाधान असतं. आमच्या पिढीला मात्र ते सिकंदराबादच्या संगीत टॉकीजमध्ये नेतात. तिथं इंग्रजी सिनेमे लागायचे आणि तिथंच त्यांची आणि इंडियाना जोन्सची गाठ पडली. १९८४ च्या भागाची गोष्ट भारतातली, खलनायक आपले अमरीश पुरी, पण इथं परवानगीचं जमेना म्हणून चित्रीकरण श्रीलंकेत झालं. त्या सिनेमात मेजवानीला माकडाचा मेंदू वाढलेला दाखवला म्हणून पुष्कळ लोक रागावले. काकाही रागावले, पण "एवढ्या मोठ्या सिनेमात हंटर केवढासा!" म्हणून.

हंटरावर काय काय लिहिलं गेलंय ते बघायचाही त्यांनी सपाटा लावला होता. महात्मा फुल्यांचं १८८३ सालचं 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी नुसत्या नावावर भाळून घरी आणलं. वाचून झाल्यावर दोन दिवस गप्प होते, आणि मग महिनाभर हंटराचं नाव न काढता शेतसाऱ्यावर बोलत होते. घरातले लोक त्या पुस्तकाचे अजून उपकार मानतात.

हंटर बनवून घेतला तो जुन्या शहरातल्या एका कारागिराकडून. आधी टांग्यांचा साज, टांगे गेल्यावर वरातीच्या घोड्यांचा आणि बग्ग्यांचा साज, असं त्याचं काम. काका तिथं स्टुलावर जाऊन बसायचे आणि कांगारूचा आग्रह धरायचे. शेवटी तो म्हणाला, "साब, याँ बकरा मिलता, भैंस मिलती. कांगारू कू कां से लाऊँ?" मग आतून म्हैस आणि वरून बकरा असा तोडगा निघाला. 'आतून' हा शब्द इथं महत्त्वाचा. चांगल्या हंटराच्या पोटात आणखी एक विणलेला हंटर असतो, हे काका आवाज खाली आणून सांगतात. वाद्या कापायच्या त्याही टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या, आणि वीण पुढं सरकेल तसे पदर एकेक करून पोटात घ्यायचे, म्हणजे मुठीपाशी अंगठ्याएवढा जाड असलेला गोफ शेवटाला करंगळीहून बारीक होतो. गोफ संपला की एकच लांब वादी, आणि वादीच्या टोकाला वीतभर दोरा. हा दोरा झिजतो, तुटतो, बदलावा लागतो. काकांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी नेहमी अशा दोऱ्यांची एक पुरचुंडी असते. लग्नाच्या पंगतीतसुद्धा असते.

कारागिरानं हंटर हातात देताना सांगितलं होतं, "चमड़े कू भी प्यास लगती, साब." हे वाक्य काकांनी गुरुमंत्र म्हणून घेतलं. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वर्तमानपत्र अंथरून एरंडेल आणि मेणाची मालिश चालते. मुठीपासून टोकापर्यंत, बोटांच्या उबेनं, हळूहळू. मग जास्तीचं तेल जुन्या मलमलीनं टिपायचं, कारण चामडं तहानलेलं जसं वाईट तसं बुडालेलंही वाईट. पावसाळ्यात तर काकांना झोप लागत नाही. बुरशीचा पांढरा ठिपका दिसला की घरात कुणाला ताप चढल्यासारखी धावपळ. उन्हात ठेवायचा नाही, प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा नाही, आणि पाहुण्यांनी हातात घ्यायचा असेल तर आधी हात पुसायचे. "घामाचं मीठ बसतंय रे त्याला."

काकूंचं यावर एकच म्हणणं. "माझ्या केसांना चाळीस वर्षं साधं खोबरेल. त्याला एरंडेल, मेण आणि मलमल."

आता खुद्द हंटर वाजवण्याविषयी. काकांचं लाडकं वाक्य असं, "हंटर मारायचा नसतो, सोडायचा असतो." आणि तो कसा सोडायचा, हे दाखवताना त्यांचा बारीक आवाज एकदम प्राध्यापकी होतो. डावा पाय पुढं. हंटर पाठीमागे जमिनीवर सरळ पसरलेला. हात खांद्यावरून पुढं आणायचा आणि नेमक्या क्षणी आखडायचा. मग हाताशी एक वेटोळं तयार होतं आणि ते टोकाकडे पळत सुटतं. हंटर पुढं पुढं बारीक होत गेलेला, त्यामुळे हाताचा तोच जोर कमी कमी वजनाच्या वाट्याला येतो आणि वेग वाढत जातो. तो आवाजाच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरला, गाठतो तेव्हा जो 'काड्' होतो, तो हंटर कशावर आपटल्याचा नव्हे. हवेतल्या हवेत फुटलेला तो स्फोट असतो. "विमानाला हे १९४७ साली जमलं. गुराख्यांना त्याआधी कितीतरी वर्षं येत होतं!" २००२ साली अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठाच्या दोन गणितज्ञांनी हिशेब मांडून दाखवलं, की टोक त्याहून पुष्कळ जोरात जात असलं तरी आवाज निघतो तो त्या धावत्या वेटोळ्यातून. ही बातमी काकांनी अशा अभिमानानं सांगितली, की ॲरिझोनावाले आधी काचीगुड्याला येऊन विचारून गेले असावेत.

सिद्धान्त पक्का आहे. अडचण प्रयोगाची आहे.

पहिले प्रयोग गच्चीवर झाले. त्यात शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या मिरच्या चहूकडे उडाल्या आणि डिशची तार निघाली, ती नेमकी क्रिकेटच्या सामन्याच्या दिवशी. मग काकांनी मैदान गाठलं. रविवारी पहाटे, ऐन मे महिन्यात, अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर, डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट आणि त्याची काच खाली घेतलेली. कारण नवशिक्याचा हंटर आधी त्याच्याच कानाची पाळी शोधतो, आणि काकांची तर दोनदा सापडलेली आहे. दहांतले नऊ फटके 'फुस्स' जातात. क्रिकेट खेळणारी पोरं खेळ थांबवून कोंडाळं करतात. "अंकल, आवाज नै आरा!" काका काच वर करून शांतपणे सांगतात, "आयेगा बेटा. मनगटातून यायला पाहिजे." दहावा कधीतरी वाजतो. मग मैदानभर "हौऽऽ" होतं, आणि काका हेल्मेट काढून घाम पुसतात. तेवढ्यात समाधान पावतात. अकराव्याचा मोह धरत नाहीत.

आषाढात, आपण पंढरीकडे डोळे लावून बसतो तेव्हा, हैदराबादेत बोनालू हा देवीचा सण लागतो. आधी गोवळकोंड्याच्या किल्ल्यावर, मग सिकंदराबादच्या उज्जयिनी महांकालीला, मग लाल दरवाज्याला. मिरवणुकीपुढं पोतराजू नाचतो. तो देवीचा भाऊ. अंगभर हळद, कमरेला लाल वस्त्र आणि कडुनिंबाचा पाला, पायांत घुंगरं, हातात दोरखंडाचा पिवळा कोरडा. मागे तीनमारचा ठेका. सगळी गल्ली देवीचं दर्शन घेत असते, आमचे काका सज्ज्यातून वाकून पोतराजूचा हात बघत असतात. "मनगट बघ त्याचं! काय मनगट आहे!"

एका वर्षी त्यांना राहवलं नाही. हंटर घेऊन खाली उतरले. पोतराजू म्हणजे पंचविशीतला एक दांडगा पोरगा, तेव्हा दम खायला आमच्याच ओट्याशी थांबला होता. "असली है क्या, अंकल?" म्हणून त्यानं हात पुढं केला. ज्या हंटराला पाहुण्यानं हात पुसून शिवायचं, तो काकांनी हळदीनं भरलेल्या त्या हातात दिला. त्यानं तो तोलला, नाकाशी नेऊन हुंगला, दोनदा नुसताच जमिनीवर सरकवून बघितला, लोकांना मागे सारलं आणि सोडला.

असा आवाज मी त्या गल्लीत पुन्हा ऐकला नाही. समोरच्या छपरावरची सगळी कबुतरं उडाली, तान्ही पोरं रडायला लागली, बँडवाला एक ठोका चुकला. पोरानं हसत हंटर परत दिला आणि "मस्त चीज है, संभालके रखो" म्हणून पुढं गेला. काका तिथंच उभे. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. एवढ्या पहाटा, एवढी फुस्स, आणि परक्यानं पहिल्या झटक्यात वाजवून दाखवावा. जवळ गेलो तर डोळे भरलेले. म्हणाले, "बघितलंस? एवढा आवाज आहे रे आपल्या हंटरात!"

त्या संध्याकाळी काचीगुडा, निंबोळीअड्डा, बरकतपुरा, जिथं म्हणून मराठी घर आहे तिथं फोन गेले. 'कुणी वाजवला' हा तपशील तिसऱ्या फोनपासून गळाला.

मुठीवर हळदीचे पाच डाग पडले होते. काकांनी ते पुसले नाहीत; तेल देतानासुद्धा तेवढी जागा चुकवतात. "आता पूजाच करा त्याची," काकू म्हणाल्या होत्या. आणि खंडेनवमीला अडकित्ता, विळी, काकांचं जुनं शाईचं पेन आणि शिलाई मशीन यांच्या ओळीत हंटरही होता, झेंडूचं फूल वाहिलेला. ठेवला कुणी, ते विचारलं तर काकू म्हणाल्या, "रिकामी खुंटी पुसायची होती, म्हणून काढला."

परवा गेलो तर काका कागदावर आकृती काढून काहीतरी मोजत होते. मला बघताच पुढं सरकले. "काय आहे, हा पडला आठ फुटी. म्हणजे मैदानाचा. बोळात, गच्चीवर, पावसापाण्याचा उपयोगी नाही. त्यासाठी एक चार फुटी लागणारच की नाही? तूच सांग."

आतून काकूंचा आवाज आला, "त्याला सांगा, हो म्हणालास तर जेवायला थांबू नकोस."

काका माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "तू नुसती मान हलव."