अरबी समुद्रास धामणगावकरांचा अर्ज

प्रति,
मा. अरबी समुद्र,
मु. पो. मालवण, तारकर्ली, देवबाग व परिसर.

विषय : धामणगाव रेल्वेच्या रहिवाशांसाठी वेळापत्रक बदलून मिळणेबाबत.

महोदय,

आपण आमच्यापासून सातशेएक किलोमीटर लांब राहता. आमच्याकडे पाणी पाहायचं म्हटलं की कौंडण्यपूरची वर्धा नदी, तीही उन्हाळ्यात अंग चोरून बसलेली. तरी दर मे महिन्यात गावातली चार घरं बडनेऱ्याला नागपूर-मडगाव गाडीत चढतात, कुडाळला उतरतात आणि आपल्या दारात येऊन उभी राहतात. दारात आपण नसता, बोटवाला असतो.

तो म्हणतो, "सात पॉइंट, एकाच फेरीत." डॉल्फिन, गोल्डन रॉक, निवती किल्ला, भोगवे, सीगल आयलंड, देवबागचा संगम, त्सुनामी आयलंड. यातला किल्ला बोटीतूनच, बोटाने दाखवतात. डॉल्फिन दिसलाच तर पाठीवरचा पर दिसतो, "तो पाहा" म्हणेपर्यंत तोही जातो. दुपारी वारा सुटला की लाट कोणती आणि पर कोणता, काही कळत नाही. पण आमची माणसं बाजार समितीच्या काट्यावर वाढलेली. सातातला एक कमी भरला की परतीच्या वाटेवर भांडण ठरलेलं.

आपल्या येण्याजाण्याबद्दलही बोलायचं आहे. दिवसातून दोनदा येता, दोनदा जाता आणि रोज पाऊणेक तास उशिरा येता. आमची गाडी इतका उशीर करते तेव्हा निदान दिलगिरीची घोषणा होते. आपला उशीर म्हणे हिशोबातला आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते : अष्टमीला सहाच्या सुमारास, पुनवेला आणि अवसेला बाराच्या आत-बाहेर. त्सुनामी आयलंड म्हणजे कर्ली नदीच्या मुखाजवळचा वाळूचा पट्टा. ऐन भरतीत गेलं तर आयलंड राहतं पाण्यात आणि आम्ही बोटीत. कोळ्यांच्या पोरांनाही हे पाठ असतं. आमच्या घरी पंचांग भिंतीवरच असतं, पण चतुर्थीपुरतं.

या सगळ्यात सिंधुदुर्ग किल्ला मात्र मारला जातो. सिंधुदुर्गाचा पाया 25 नोव्हेंबर 1664 रोजी कुरटे बेटावर घातला. क्षेत्र 48 एकर, तट सुमारे तीन किलोमीटर. 48 एकर ऐकल्याबरोबर आमच्या एका काकांनी विचारलं, "ओलिताचं हाय का कोरडवाहू?" ओलिताचंच, काका! चहूबाजूंनी हे खारट महाशय आणि मधोमध दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, राजाराम महाराजांनी बांधवलेलं. शिवाजी महाराजांच्या हातापायाचे ठसे दाखवतात तेही याच किल्ल्यात. आणि बोटवाला म्हणतो, तासाभरात परत या! तासाभरात तटावरून रमतगमत अर्धी फेरीही होत नाही. माझं ऐकाल तर सातातले पाच पॉइंट सोडा, पण किल्ल्याला अर्धा दिवस द्या. परतीचं बोटवाल्याशी चढण्याआधीच ठरवून घ्या, उतरल्यावर तो ऐकत नाही.

आता मुख्य गाऱ्हाणं. आपल्याकडे साधारण 26 मे ते 31 ऑगस्ट जलपर्यटन बंद. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे सुट्टी सगळ्यांत लांब आमची आणि ती अर्धी सरायच्या आत आपण कुलूप लावता. त्यात मे अर्धा लग्नांत जातो. सप्टेंबरात आपण दार उघडता तोवर सोयाबीन कापणीला येऊ लागतं, मग कापसाची वेचणी, मग तूर. कास्तकारानं यावं कधी, मायबाप? जूनअखेरपर्यंत मुदतवाढ मिळावी, असा या अर्जाचा मूळ मसुदा होता.

तो मागे घेतला आहे. कारण उरलेल्या चार दिवसांत उरकायचं म्हणून माणसं मिळेल त्या बोटीत, मावतील तितकी बसतात. 24 मे 2022 रोजी तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक दगावले. जूनच्या पावसाळी हवेत मुदत वाढवून मागणं म्हणजे मरण मागणं. आपण कुलूप लावता ते बरोबरच आहे.

तेव्हा आपलं वेळापत्रक राहू द्या, आमचंच बदलतो. गावकऱ्यांनो, फेब्रुवारीत जा. तूर घरात आलेली असते, हरभरा शेतात उभा असतो, पोरांची चार दिवस शाळा बुडाली तर आभाळ कोसळत नाही. अष्टमीच्या आसपासचा दिवस धरा, तेव्हा पाण्याला उधाण नसतं. डॉल्फिनची फेरी सकाळी सातला, वाळूचा पट्टा ओहोटीला. चढण्याआधी बोटीतली डोकी मोजा, जास्त वाटली तर पुढची बोट घ्या. आणि लाइफ जॅकेट मिळालं तर बुडाखाली घेऊ नका, अंगात घाला.

आपला,
एक धामणगावकर