मागं कोन लागलंय?

जासईत पहाटे साडेचारला कुणी धावताना दिसलं तर त्याची तीनच कारणं असायची. पहिली पाळी चुकत असेल, कुणाच्या घरी वाईट झालं असेल, नाहीतर कुत्रं मागं लागलं असेल. चौथं कारण गावात आणलं ते आमच्या दादूसनं.

दादूस म्हणजे आगरी बोलीत थोरला भाऊ. अशा दादूसांचं पीक आता उलव्यापासून उरणपर्यंत आलंय, तेव्हा नाव सांगण्यात अर्थ नाही. तुमच्याही आळीत एक असेलच. वय पंचेचाळीसच्या पुढं. नोकरी बंदराच्या आसऱ्यानं, कंटेनर यार्डात. घर तीन मजली, खालचे गाळे भाड्यानं. पोट घराला साजेसं. मनगटावर कालपरवापर्यंत सोन्याचं कडं होतं, त्या जागी आता काळं घड्याळ आलंय. ते वेळ सोडून सगळं सांगतं.

त्याला ही बाधा कधी झाली ते मी तारखेनिशी सांगतो. १८ फेब्रुवारी २०२४. महिनाभर आधी, १२ जानेवारीला, अटल सेतू सुरू झाला होता. शिवडीपासून आमच्या चिर्ल्यापर्यंत २१.८ किलोमीटर. त्यावर मोटारसायकल चालत नाही, रिक्षा चालत नाही, ट्रॅक्टर चालत नाही. पायी जाण्याचं तर नावच नको. आणि त्या रविवारी सेतू गाड्यांना बंद ठेवून त्यावर मॅरेथॉन झाली! दादूस ओट्यावर बसून मोबाइलवर फोटो बघत होता. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "माझी बुलेट चालत नाय, नि ही मानसं चड्डीवर धावतान?"

हा अन्याय त्याच्या जिव्हारी लागला. अन्याय जिव्हारी लावून घेण्यात आमच्या गावाचा हात कुणी धरणार नाही, शेतकऱ्यांच्या जमिनींसाठी लढलेल्या दि. बा. पाटलांचं गाव आहे हे.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं धावणं सुरू झालं. पहिल्या दिवशी तो शाळेपर्यंत गेला आणि रिक्षानं परत आला. पण माणूस चिकट. चार महिन्यांत शाळा मागं पडली, मग फाटा मागं पडला. गावाबाहेरच्या रस्त्यावर रात्रंदिवस ट्रेलरची रांग. त्या धुरळ्यात कपाळाला दिवा बांधून धावणारा दादूस बघून एका ट्रेलरवाल्यानं गाडी थांबवली, दार उघडलं आणि कळवळून म्हणाला, "बैठ जाओ भैया, जहाँ जाना है छोड़ देंगे." दादूसनं हातानंच नको म्हटलं. तो बिचारा पुढं जाऊन पुन्हा थांबला. त्याच्या हिशेबात हा माणूस घरातून भांडून निघाला होता.

खरी परीक्षा हळदीच्या मोसमात. आमच्याकडे लग्न एक वेळ चुकवता येतं, हळद नाही. रात्रभर डीजे, मटण, आणि कुणाच्याही हातात रिकामा ग्लास दिसला तर यजमानाचा अपमान. दादूस सोड्याची बाटली हातात धरून कोपऱ्यात बसायचा. विचारणाऱ्याला सांगायचा, "उद्या लाँग रन हाय." ऐकणाऱ्याला वाटायचं, एखाद्या दुखण्याचं नाव असेल, तो आवाज खाली आणून वहिनीला विचारायचा, "डॉक्टर काय बोलला?" मेहुण्याच्या हळदीला तर हा साडेचारला मांडवातूनच धावायला निघाला. तेव्हा मांडवात शेवटचं गाणं लागलं होतं. चार-पाच जणांना वाटलं, दादूसला आता रंग चढला. तेही नाचत नाचत त्याच्या मागं नाक्यापर्यंत गेले.

घरातल्या सगळ्यांचा त्याला पाठिंबा होता, पण प्रत्येकाचा वेगळा. वहिनींचा पाठिंबा डब्यातून. धावून आला की तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि वर तूप. त्यानं ओट्स आणले ते तिनं कोंबड्यांना घातले. कोंबड्यांनीही फारसं मनावर घेतलं नाही. धाकट्या पोरीचा पाठिंबा म्हणजे धावण्याचा व्हिडिओ काढून त्याला गाणं लावणं. आईचा पाठिंबा आधी नुसता काळजीचा होता, पण दादूसनं तिला मॅरेथॉनची मूळ कथा सांगायचा शहाणपणा केला. ग्रीस देशात एक सैनिक लढाई जिंकल्याची बातमी घेऊन मॅरेथॉनपासून अथेन्सपर्यंत धावत गेला, जिंकलो म्हणाला...

"मंग?"

"मंग मेला."

आईनं हातातली चिंबोरी पातेल्यात टाकली आणि कार्ल्याच्या दिशेला हात जोडले. पोरगा धडधाकट घरी आला तर आठ दिवसांच्या आत त्याला एकवीरा आईच्या पायऱ्या चढवीन, असा नवस तिथल्या तिथं बोलून टाकला. या नवसाची गोष्ट पुढं येईल.

आणि बाबा. वय चौऱ्याहत्तर. त्यांचा पाठिंबा म्हणजे रोज पहाटे ओट्यावर बसून एकच प्रश्न विचारणं: "मागं कोन लागलंय रं तुज्या?"

हा प्रश्न त्यांच्या तोंडी हलका नव्हता. १६ जानेवारी १९८४ ला, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या भावावरून शेतकरी रस्त्यावर उतरले, तेव्हा बाबा तेहतीस वर्षांचे होते. त्या दिवशी इथं दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी पागोट्याला गोळीबार झाला. पाच माणसं गेली. बाबा त्या दिवशी मिठागराच्या बांधावरून धावले. किती किलोमीटर धावले ते त्यांना माहीत नाही, घड्याळ नव्हतं. एक चप्पल खाडीच्या चिखलात राहिली, दुसरी त्यांनी स्वतःच फेकून दिली. "एका चपलेचा काय करनार?" त्या लढ्यातूनच पुढं साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. त्या योजनेतल्या भूखंडावर उभ्या राहिलेल्या इमारतींच्या कडेकडेनं आता त्यांचा मुलगा घाम काढत होता.

दादूसनं चौदा हजारांचे बूट आणले तेव्हा बाबांनी ते हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले. किंमत ऐकून म्हणाले, "अर्धा एकर पायान घालून चाललास कं रं?" त्या वेळच्या भावानं हिशेब मांडला तर म्हातारा फार चुकत नव्हता.

अंतर किती, असं त्यांनी विचारलं. बेचाळीस किलोमीटर एकशे पंच्याण्णव मीटर, दादूस अभिमानानं म्हणाला.

"ते वरचं कनाला?"

मी तेव्हा तिथंच होतो आणि मला माहीत होतं. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनांसमोर संपवली. ते अंतर तेवढं भरलं, आणि १९२१ मध्ये तेच कायमचं ठरलं. बाबांनी मान हलवली. "म्हंजे राजाच्या घरच्यांना बगाला बरा पडावा म्हनून अख्खी दुनिया धावते?" मग मुलाकडे वळून, "तू साडेबारा टक्केच धाव नि परत ये." मी मोबाइलवर हिशेब केला. सव्वापाच किलोमीटर. साधारण गावापासून फाटा ओलांडून पुढं.

बाबांना एकाच धावपटूविषयी आदर वाटला. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० ला अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले, दोन तास पन्नास मिनिटांत, आणि एकोणिसावे आले, हे दादूसनं कुठूनतरी वाचून सांगितलं. "शंबर वर्सांपूर्वी? बोटीनं जाऊन? बरा हाय," बाबा म्हणाले. आणि लगेच, "तू कितवा येशील?"

हा प्रश्न मॅरेथॉनवाल्यांच्या नशिबी असतोच. दादूस समजवायचा, की हजारो लोक असतात, आपण नंबरासाठी धावत नाही, पूर्ण करणं महत्त्वाचं. समोरचा सहानुभूतीनं ऐकून घ्यायचा. कबड्डीच्या गावात 'भाग घेणं महत्त्वाचं' हे वाक्य फक्त हरलेले लोक बोलतात.

शर्यत मुंबई मॅरेथॉन, रविवार १९ जानेवारी २०२५. छातीवर लावायचा नंबर आदल्या तीन दिवसांत बीकेसीत स्वतः जाऊन घ्यायचा. दादूस गुरुवारी सकाळीच निघाला, तर बाबा दारात. "आज तारीख कनची?" सोळा. दादूस गुपचूप आत गेला, पांढरा सदरा घालून आला आणि बाबांबरोबर हुतात्म्यांना अभिवादन करायला गेला. नंबर शुक्रवारी आणला.

रविवारी पहाटे दोनला आम्ही दोन गाड्यांतून निघालो. धावणारा एक, पाठिंबा देणारे अकरा. त्यात दादूसची एक आत्याही होती; ती कुठं चाललोय हे न विचारताच बसली होती. सेतूच्या टोलवर मी ३७५ चं जाण्यायेण्याचं तिकीट काढलं. सेतूवर गाडी लागली तशी दादूसनं काच खाली केली आणि अंधाराकडे बघत बसला. बाजूला डब्यातल्या सुकटीचा वास, मागं आत्याचं घोरणं. "घाबरलास कं?" वहिनींनी विचारलं. तो म्हणाला, "मला दोनला जायचंय." त्या सेतूवर गाडी थांबवता येत नाही. पुढचा अर्धा तास त्याच्या प्रशिक्षणातला सगळ्यात कठीण होता.

पाचला सीएसएमटीहून तो सुटला आणि आम्ही जाऊन शिवाजी पार्कला ठाण मांडलं. ओळखीचा माणूस सी लिंक करून येईपर्यंत चार-साडेचार तास काय करायचं, हे मॅरेथॉनच्या कुठल्याही पुस्तकात दिलेलं नसतं. आमच्या बायकांनी पहिल्या अर्ध्या तासात कठड्याशी सतरंजी अंथरली. मग जो येईल त्याला ओरडून प्रोत्साहन. "चल रं पोरा! चल गो बाय!" मागून सुटलेले आफ्रिकेतले पट्टीचे धावपटू वाऱ्यासारखे निघून गेले. आई त्यांच्या काटक पायांकडे बघत हळहळली, "यांना घरान कोन जेवाला घालत नाय कं?" कुणी संत्री देत होतं, कुणी बिस्किटं. आमच्याकडे भाकरी होती. एका गोऱ्या बाईनं धावता धावता वहिनींच्या हातून भाकरीचा तुकडा घेतला. आत सुकट आहे हे तिला दहा पावलांनंतर कळलं. तिचा वेग त्यानंतर वाढला, एवढं मी शपथेवर सांगेन.

साडेनऊच्या सुमाराला दादूस आला. आला म्हणजे दिसला. आमच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. बनियनवर मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले, जणू मिठागरातूनच येतोय. चेहरा असा, की पोरीनं व्हिडिओ काढायला वर केलेला मोबाइल आपोआप खाली घेतला. वहिनींनी सोलकढी पुढं केली, त्यानं ती डोक्यावर ओतली. आई म्हणाली, "पुरे झालं, बस गाडीन." आणि तो खरंच कठड्याला धरून उभा राहिला. मला वाटलं, संपलं.

बाबा काही बोलले नाहीत. हात मागं बांधले आणि फूटपाथवरून सिद्धिविनायकाच्या दिशेनं चालायला लागले. देवाला निघाल्यासारखे. दादूसनं पाहिलं, कठडा सोडला आणि आतल्या बाजूनं तोही निघाला. मी मागोमाग. म्हातारा चालत होता, पोरगा धावत होता, आणि दोघांचा वेग अगदी एक होता. बऱ्याच वेळानं बाबांनी समोर बघतच विचारलं,

"मागं कोन लागलंय?"

"कोन नाय," दादूस धापा टाकत म्हणाला.

"मंग सावकास जा ना."

देवळापाशी बाबा थांबले, तो पुढं गेला. पेडर रोडचा चढ त्यानं कसा केला ते मला माहीत नाही, त्यालाही आठवत नाही. सव्वासहा तास लागले. गावात शिरल्यावर पहिल्याच ओट्यावरून हाक आली, "कितवा आला?" उत्तर आईनं दिलं, "त्याच्या मागं बी लई जन व्हती."

पुढचे चार दिवस दादूस घराचा जिना उलटा उतरत होता, कठड्याला धरून, मांड्या भरून आलेल्या. पण नवस आठ दिवसांचा होता आणि आईच्या लेखी एकवीरेच्या दरबारात सूज-बीज चालत नाही. शनिवारी कार्ल्याला नेलाच. चढताना ठीक होतं, बाबा पुढं, हात मागं बांधून. दर्शन झालं, मेडल आईच्या पायाला लावून झालं. उतरताना मात्र दादूस पहिल्याच पायरीवर थबकला, वळला, आणि देवळाकडे तोंड करून एकेक पायरी मागं मागं उतरू लागला. गळ्यात मेडल, डोळ्यांत पाणी.

वर येणाऱ्या दोन बायका थांबल्या. "कडक नवस हाय वाटतं," एकीनं आईला हळूच विचारलं.

"हाय ना," आई म्हणाली.

आम्ही निम्म्यावर आलो तेव्हा मी सहज वर पाहिलं. दर्शन करून त्या दोघी येत होत्या, एकमेकींना धरून, पाठमोऱ्या.