बदलाची गोडी

सरकारी कर्मचारी बदलाला राजी नसतो, ही निव्वळ बदनामी आहे. 29 फेब्रुवारी 2020 पासून महाराष्ट्रात पाच दिवसांचा आठवडा आला. तो दिवस शनिवारच होता. कार्यशाळा नाही, प्रशिक्षण नाही. पहिल्याच दिवशी कुलपे लागली! (अत्यावश्यक सेवांना वगळले, एवढाच काय तो अन्याय.)

मायर आणि हर्स्कोविच यांनी 2002 मध्ये बदलाशी असलेल्या बांधिलकीचे तीन प्रकार सांगितले: मनापासूनची, नुकसानीच्या धाकाची, कर्तव्यापोटीची. सुट्टीत तिन्ही एकवटतात, हे बिचाऱ्यांच्या नजरेतून निसटले.

सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपवणारा 2005 चा कायदा मात्र अजून अंगवळणी पडतो आहे. कालव्याचा कारभार शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे द्या, पाणी मोजून द्या, असे तो म्हणतो. म्हणजे अधिकार सोडा आणि वर हिशेबही द्या. त्यात सुट्टी कुठे आहे?

उपाय सोपा आहे. इटियाडोह धरणाच्या कालव्यावर धान पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या प्रत्येक संस्थेकडे होणाऱ्या हस्तांतरणामागे एक भरपगारी रजा जाहीर करावी. पंधरवड्यात साऱ्या चाऱ्या शेतकऱ्यांच्या ताब्यात जातील. सही करायला कोणी उरणार नाही, पण बांधिलकी ओसंडून वाहील.

तोवर शेतकरी बांधवांना विनंती: सही हवी असल्यास शुक्रवारी सव्वासहाच्या आत यावे.