जिभाऊंची फ्रेम

धुळे-जळगावकडच्या प्रत्येक भाऊबंदकीत एक जिभाऊ असतात. वय पन्नाशीच्या पुढचं, बियाणं-खतांचं दुकान किंवा शाळेतली नोकरी, आणि नात्यातलं कोणतंही कार्य अंगावर घ्यायची हौस. पूर्वी साखरपुडा ठरला की या माणसाच्या खिशात याद्या असायच्या. किती पायली गहू दळायचे, टॉवेल-टोप्या किती डझन, पहिला नारळ कोणाच्या मामाच्या हातात द्यायचा. खिसा तोच आहे, पण आता त्यातून मोबाईल निघतो, आणि मोबाईलमध्ये असते राजस्थानातल्या कुठल्याशा महालातल्या साखरपुड्याची रील. जिभाऊ ती मध्येच थांबवतात, दोन बोटांनी मोठी करतात आणि व्याह्यांसमोर धरतात. "पोरगा-पोरीकडे नका पाहू. त्यांच्या मागं काय दिसू राहिलं, ते पाहा."

आमच्या जिभाऊंची पुतणी धुळ्याची, मुलगा जळगावचा, पुण्यात नोकरीला. गुण जुळले, घरं आवडली, बैठकीत सुपारी फुटली. आता तारीख धरायची म्हणून गुरुजींनी पंचांग उघडलं, तर जिभाऊंनी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि तिथी, नक्षत्र, योग, करण असलं सगळं ओलांडून थेट सूर्यास्ताच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"तारीख फेब्रुवारीतली कोणतीही चालंल," ते म्हणाले, "वेळ मात्र साडेपाच ते साडेसहा. उजेड त्याच तासात सोन्यासारखा असतो."

गुरुजींनी एक तारीख काढून सांगितलं, त्या दिवशी सकाळी अकरा ते साडेबारा उत्तम आहे. जिभाऊ म्हणाले, अकराच्या उन्हात डोळ्यांखाली सावल्या पडतात, पोरगी आजारी दिसेल. गुरुजींनी सूर्यास्ताची वेळ वाचून दाखवली, तर जिभाऊंनी त्यांनाच दुरुस्त केलं. "गुरुजी, हे टायमिंग मुंबईचं. आपण मुंबईच्या पूर्वेला. जळगावात सूर्य दहा-बारा मिनिटं आधी बुडतो." गणित बरोबर होतं. भूगोलाचं एवढं ज्ञान त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच वापरलं असावं. गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि पंचांग पिशवीत घातलं.

मग जागेचा शोध सुरू झाला. हा शोध जिभाऊंनी मोटरसायकलवर केला, मागे पुतण्याला बसवून, कारण फ्रेममध्ये उभं राहून दाखवायला कोणीतरी लागतं. लळिंगचा किल्ला त्यांनी लहानपणापासून मुंबई-आग्रा रोडवरून येता-जाता पाहिला होता. फारुकी राजांनी तो का बांधला, हे त्यांना कधी विचारावंसं वाटलं नाही. या वेळी मात्र त्यांनी चढणाऱ्या माणसांना थांबवून विचारलं, की वर संध्याकाळी पाठ कोणत्या दिशेला येते. धुळ्यातल्या राजवाडे संशोधन मंडळासमोरही ते अर्धा तास उभे होते. आत खानदेशाच्या इतिहासाचे कागद आहेत याचं त्यांना काही नव्हतं. दगडी भिंतीसमोर फिकट गुलाबी घागरा उठून दिसेल की नाही, एवढाच प्रश्न. नकाणे तलाव पाणी कमी म्हणून बाद. जळगावचा मेहरूण तलाव पसंत पडला होता, पण तिथे आधीच तीन जोडपी एकमेकांच्या फ्रेममध्ये येत होती. चौथ्याला उभं राहायला काठ उरला नव्हता.

मग केळीच्या बागेची कल्पना निघाली. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन आहे, मग आपल्या सोयरिकीला का नको, असा त्यांचा युक्तिवाद. मुलाचे मामा रावेरकडचे, त्यांची बाग उभी होती. जिभाऊ तिथे गेले, दोन ओळींच्या मधून लांबवर पाहिलं आणि गहिवरले. मामा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी कमरेच्या टॉवेलचं टोक उलगडून दाखवलं. त्यावर तपकिरी डाग. "केळीचा चीक आहे. कपडा फाटतो, डाग जात नाही. घागरा भाड्याचा आहे ना?" पुतण्याने शेतात काढलेले फोटो मोठे करून पाहिले, तर पानांतून गाळून आलेल्या उजेडाने त्याचा चेहरा हिरवागार झाला होता. शेवटी धुळ्याबाहेरचं एक लॉन ठरलं. तिथे पाठीमागे काहीच नव्हतं, म्हणून जिभाऊंना ते आवडलं. तिथे आपल्याला पाहिजे ते उभं करता येणार होतं.

याला त्यांच्याकडे आधार होता. चाळीसगावच्या केकी मूस यांचा. मूस मोठे छायाचित्रकार. चाळीसगाव स्टेशनाजवळच्या आपल्या घराबाहेर क्वचितच पडणारे, आणि टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडून त्यातून अख्खी निसर्गदृश्यं उभी करणारे. १९८९ साली ते गेले. ते घर आता त्यांच्या कलेचं संग्रहालय आहे. "मूससाहेबांनी टेबलावर डोंगर उभे केले," जिभाऊ सांगतात, "आपल्याला लॉनवर एक महाल उभा करता येत नाही का?" चाळीसगावात मूस यांची आणखी एक गोष्ट सांगतात. कोण्या एका तरुणीने पंजाब मेलने येईन असा शब्द दिला होता, म्हणून ते वर्षानुवर्षं त्या गाडीची वाट पाहत राहिले. त्या गोष्टीतलं टेबल तेवढं जिभाऊंनी उचललं. वाट पाहण्याचं काम त्यांनी पाहुण्यांवर सोपवलं.

महाल उभा राहिला. थर्माकोलच्या कमानी, प्लास्टिकच्या फुलांची भिंत, मधोमध वर-वधूच्या नावांची इंग्रजी आद्याक्षरं दिव्यांनी लखलखती. आजीला ती वाचता येत नव्हती. तिला वाटलं, दुकानाची पाटी आहे.

पाहुण्यांचा प्रश्न अवघड होता. जिभाऊंच्या लेखी पाहुणे म्हणजे जोडप्याच्या मागचा धूसर भाग, पण धूसर भागालाही रंग असतो. त्यांनी गटावर निरोप टाकला: बायकांनी फिकट रंग, पुरुषांनी मोतिया किंवा बदामी, लाल, जांभळा आणि पोपटी कृपया टाळावा. शिरपूर ते यावल पसरलेल्या गोतावळ्याने हा निरोप वाचला आणि ज्याने त्याने आपल्याकडचं सगळ्यात भारी ते नेसायचं ठरवलं. म्हाताऱ्यांचा प्रश्नच नव्हता. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी. ऊन पडलं की कॅमेऱ्याचे डोळे दिपतात. मानाचे टॉवेल-टोप्या तरी रंगाने जुळाव्यात म्हणून जिभाऊंनी टॉवेल फिकट गुलाबी आणले. मुलाच्या मोठ्या काकांनी तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि शांतपणे विचारलं, "बायकांच्यातला चुकून आला का?" त्यावर बारा मिनिटं बोलणी झाली. एकूण कार्यक्रमातली तेवढीच बारा मिनिटं जुन्या पद्धतीची होती, आणि सगळ्यांना बरं वाटलं.

जेवणाबद्दल जिभाऊंचं म्हणणं ऐकून आचारी दोनदा उठून गेला. भरीत नको, असा त्यांचा आग्रह होता. आता फेब्रुवारी, अजून भरिताच्या वांग्यांचे दिवस, आणि जळगावच्या पाहुण्यांना भरीत नाही! पण जिभाऊंचं म्हणणं, भरीत फोटोत चांगलं येत नाही. चवीला काहीही असो, वरून पाहिलं तर ओला चिखल. त्यापेक्षा बट्ट्या घ्या. तुपात तळलेल्या, रचून ठेवल्या की सोनेरी दिसतात. वरण बाजूला, कारण वरण चमकतं. आचारी म्हणाला, वरणाशिवाय बट्टी म्हणजे लेकरांना खेळायला दिल्यासारखं आहे. शेवटी तडजोड निघाली: भरीत होईल, पण मांडवाच्या मागे. तिथे कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला घेतली, धूर वर आला, आणि त्यातून सूर्याचे तिरपे किरण आले. जिभाऊंचे डोळे चमकले. भाड्याचं धुराचं यंत्र त्यांनी रद्द केलं आणि जोडप्याला वांग्यांच्या धुरात उभं केलं. नवरी खोकत होती. तो फोटो अल्बममधला सगळ्यात सुंदर फोटो आहे, हे मान्य केलं पाहिजे. तिच्या डोळ्यांत पाणी कशाचं आहे, हे बाहेरच्याला कळत नाही.

खापरावरची पोळी करणाऱ्या दोघीजणी मात्र जिभाऊंच्या हातून सुटल्या. हातावर पोळी फिरवत फिरवत मोठी करायची, उलट्या खापरावर टाकायची, हे त्या इतक्या झपाट्याने करत होत्या की छायाचित्रकार म्हणाला, जरा हळू, पुन्हा एकदा. त्यातली मोठी म्हणाली, "हळू करसू तं पोळी फाटस ना भो." आणि तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. अख्ख्या कार्यक्रमात खरा सहज फोटो तेवढाच निघाला.

पूर्वी साखरपुड्यात रुसायचा मान वरपक्षाच्या मामाचा असे. आता तो छायाचित्रकाराकडे गेला आहे. सकाळी तो आला तेव्हा जिभाऊ फाटकापर्यंत गेले, त्याच्या पोरांना आधी चहा, मग नाश्ता, आणि मुलाच्या मामांना "बसा ना, येऊच राहिलो." दोन सहज फोटो काढणारे, एक नेहमीचा, एक ड्रोनवाला, एक फक्त रीलवाला; असे पाच जण आणि त्यांच्या पेट्या. ड्रोन पहिल्यांदा उडाला तेव्हा मांडवातली पडदी उडाली, पंगतीतल्या पत्रावळ्या उडाल्या आणि आजीच्या डोक्यावरचा पदर उडाला. "हाई काय शे वं माय?" असं म्हणत ती खाली बसली. ड्रोनने तेही टिपलं. ते टीझरमध्ये आलं नाही, पण घराघरांत फिरलं तेवढंच.

जिभाऊ असे का झाले, याचं उत्तर त्यांच्या कपाटात आहे. त्यांचा स्वतःचा साखरपुडा फिल्मच्या रोलच्या काळातला. छत्तीस फोटोंचा एक रोल, तो सुद्धा अर्धा दुसऱ्या कोणाच्या जावळात संपलेला. फोटोग्राफर हुशार, माणसांची हौस मोडू नये म्हणून तो रोल संपल्यावरही फ्लॅश मारत राहिला. माणसं हसली, खांद्यावर हात टाकून उभी राहिली, वहिनींनी पदर सारखा केला, आणि आत काहीच नव्हतं. जिभाऊंच्या साखरपुड्याचा एकच फोटो आहे. त्यात त्यांच्या सासऱ्यांच्या मामांची टोपी स्पष्ट आली आहे. टोपीच्या पलीकडे जो अर्धा कान दिसतो, तो आपला, असं जिभाऊ सांगतात. वहिनी म्हणतात, तो न्हाव्याचा आहे. तीस वर्षं हा वाद चालू आहे, आणि पुरावा नाही.

म्हणून साठवणुकीबाबत ते कठोर आहेत. छायाचित्रकाराला त्यांनी मेजर रॉबर्ट गिलची गोष्ट ऐकवली. अजिंठ्याची चित्रं उतरवून घ्यायला आलेला हा इंग्रज अधिकारी. पुढे कॅमेराही हातात घेतला आणि लेण्यांचे फोटो काढले. १८७९ साली तो वारला आणि भुसावळला पुरला गेला. वर्षानुवर्षं खपून त्याने रंगवलेली मोठाली चित्रं लंडनला पाठवली गेली, आणि त्यातली बहुतेक १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. छायाचित्रकाराला वाटलं, काका कलेबद्दल बोलताहेत. त्याने मान हलवली. जिभाऊ म्हणाले, "म्हणून सांगू राहिलो, दोन हार्ड डिस्कांवर ठेव. एक माझ्या घरी."

पाच वाजले. पाहुणे दुपारी बारापासून येऊन बसले होते, कारण पत्रिकेत गुरुजींची वेळ छापली होती आणि जिभाऊंची वेळ फक्त गटावर होती. साडेपाचला जोडपं आलं. आल्यावर परत पाठवलं, कारण रीलवाल्याचा कॅमेरा चालू नव्हता. पुन्हा आलं. अंगठीची वेळ झाली. सोनं जळगावच्या सराफ बाजारातलं, त्यामुळे त्याबद्दल कोणाला शंका नव्हती; शंका होती ती कोनाबद्दल. अंगठी अर्ध्या बोटापर्यंत घालायची, थांबायचं, एकमेकांकडे पाहायचं, हसायचं, मग पुढे सरकवायची. काढा. पुन्हा. या वेळी पाहुण्यांनी टाळ्या उशिरा वाजवल्या. काढा. मुलाने चौथ्यांदा अंगठी काढायला घेतली, तेव्हा मुलीचं बोट सुजलं होतं आणि अंगठी निघेना.

इतक्यात पहिल्या ओळीतून, त्या गुलाबी टॉवेलवाल्या काकांचा आवाज आला. "एवढा टाईममा तं दोन लगनं लागतीन ना भो!"

माणसं हसली. मग एकदम गप्प झाली. खानदेशात हे वाक्य नुसतं विनोदाचं राहत नाही. साखरपुड्याला जमलेल्या मंडळींनी तिथेच लग्न लावून टाकल्याची बातमी आमच्याकडच्या पेपरात वरचेवर येते, 'समाजापुढे आदर्श' अशा मथळ्याची. दोन्हीकडचे वडीलधारे उठून कोपऱ्यात गेले. माणसं आलेलीच आहेत, गुरुजी बसलेलेच आहेत, जेवण तयार आहे, मे महिन्यातला उन्हाळा आणि दुसरा खर्च कशाला? मुलगा-मुलीला विचारलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि दिवसभरात पहिल्यांदाच कोणी सांगितल्याशिवाय हसली. नेमके त्या वेळी पाचही कॅमेरेवाले बॅटऱ्या बदलत होते.

जिभाऊ मध्ये पडले. हळद कुठे आहे? संगीत कुठे आहे? आणि लग्नाआधीचं शूटिंग? त्याचे पैसे आगाऊ दिले आहेत, पावतीवर लिहिलंय, परत मिळणार नाहीत! त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही. अंतरपाटासाठी कापड शोधायला पोरं धावली आणि हाताशी आला तो गुलाबी टॉवेल. तेव्हा जिभाऊंनी पश्चिमेकडे पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि आपला पक्ष बदलला. "गुरुजी, मंगलाष्टका दोनच म्हणा! सतरा मिनिटं राहिलीत!"

लग्न उजेडात लागलं. मग भरिताची पंगत अंधारात बसली आणि कोणीच फोटो काढला नाही.

आगाऊ दिलेले पैसे मात्र वाया जाऊ देतील ते जिभाऊ कसले. पुढच्या रविवारी पहाटे नवरा-नवरी लळिंगच्या पायथ्याशी उभी होती, लग्नाआधीचे फोटो काढायला. सासूबाईंनी मंगळसूत्र काढायला साफ नकार दिला होता, म्हणून जिभाऊ स्वतः तिची ओढणी गळ्याशी पिन लावून बसवत होते. शेळ्या घेऊन निघालेल्या एका म्हाताऱ्याने थांबून सगळं पाहिलं आणि चौकशी केली, "पोरनं लगीन कव्हय शे?"

"झालं ना, मागच्या रविवारी," नवरदेव म्हणाला.

"तू नको बोलू," जिभाऊ ओरडले, "तोंडावरचा भाव जातो. आणि बाबा, तुम्ही शेळ्या घेऊन जरा डावीकडून जाता का? हळू."